प्लॅस्टिकमधली कवायत

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने रसायनशास्त्रावर लेख लिहिलेला पाहून विज्ञान शाखेतली मंडळी हसतील. हसू देत. घरात कानडी आणि शाळेत मराठी अशी मी वाढले. दहावीनंतर रसायनशास्त्र इंग्रजीतून शिकावे लागेल, या धास्तीने मी विज्ञानाला रामराम ठोकला. ती धास्ती थोडी उतरली ती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, बडोद्याला काकांच्या घरी.

बडोदे म्हटले की आपल्याला सयाजीराव महाराज आठवतात. पण या शहराची आणखी एक ओळख आहे. जवळच कोयली येथे १९६५ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पुढे १९६९ साली सरकारी मालकीची इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि बडोद्यात तिचे मोठे संकुल उभे राहिले. तिथे तयार होणारे पॉलिप्रोपिलीन 'कोयलीन' या नावाने देशभर विकले जाई. २००७ साली ही कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. माझ्या काकांचे सारे आयुष्य अशाच उद्योगात गेले.

मी ओसरीवर परिव्यय लेखांकनाची उदाहरणे सोडवत बसले होते. काकांनी वहीत डोकावून विचारले, "हे 'सामान्य नुकसान' म्हणजे काय गं?"

"कितीही काळजी घेतली तरी प्रत्येक प्रक्रियेत थोडा माल वाया जातोच, काका. ते नुकसान गृहीत धरून चालायचं."

"जातोच, हे कोणी ठरवलं?" असे म्हणत ते आत गेले आणि खताचे एक रिकामे पोते घेऊन आले.

ते पोते पॉलिप्रोपिलीनचे होते. प्रोपिलीन हा एक वायू आहे. त्याचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले की लांबच लांब साखळी तयार होते, तेच पॉलिप्रोपिलीन. साखळीत एकाआड एक कार्बन अणूला एक छोटा गट चिकटलेला असतो. त्याला मिथाइल गट म्हणतात. आपण त्याला साखळीचा 'हात' म्हणू.

आता शाळेतले लेझीमचे पथक आठवा. रांगेतल्या सगळ्यांचे हात एकाच बाजूला असतील तर ती झाली समबाजू रचना, म्हणजे आयसोटॅक्टिक. एकाचा डावीकडे, पुढच्याचा उजवीकडे, असे आळीपाळीने असतील तर सिंडिओटॅक्टिक. आणि मास्तर गैरहजर असल्यामुळे ज्याने त्याने मनाला येईल तसा हात केला, तर अटॅक्टिक. ग्रीक भाषेवरून घडवलेली ही नावे इटालियन शास्त्रज्ञ ज्युलिओ नात्ता यांच्या पत्नी रोझिता यांनी सुचवली. त्या स्वतः साहित्याच्या अभ्यासक होत्या!

गंमत अशी की तिन्हींत कच्चा माल तोच असतो, वजनही तेच. पण शिस्तीच्या रांगा एकमेकींना खेटून बसतात, त्यामुळे समबाजू प्लॅस्टिक कडक होते आणि सुमारे १६० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. त्याची पोती, दोर, खुर्च्या होतात. बेशिस्त साखळ्यांचा मात्र मऊ, चिकट गोळा होतो. त्याचे पोते विणता येत नाही.

मग ही कवायत करून घेणारा मास्तर कोण? उत्प्रेरक. जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांनी १९५३ साली टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांची एक जोडी शोधली. पुढच्याच वर्षी नात्तांनी तशाच उत्प्रेरकाने समबाजू पॉलिप्रोपिलीन तयार केले. १९६३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. कडेवर घागर घेतलेली बाई अरुंद दारातून एकाच अंगाने आत शिरू शकते. टायटॅनियमभोवतीची जागा अशीच अडचणीची असते, म्हणून प्रोपिलीनचा प्रत्येक रेणू एकाच अंगाने आत येतो आणि त्याचा हात ठरलेल्या बाजूलाच राहतो.

पण सुरुवातीच्या उत्प्रेरकात काही दारे ऐसपैस होती. तिथून बेशिस्त माल निघे. तो द्रावकाने वेगळा काढावा लागे, आणि उत्प्रेरकाचे अवशेषही धुवावे लागत. दोन्ही कामांना यंत्रे, वाफ, मजुरी आली. पुढे टायटॅनियमला मॅग्नेशियम क्लोराइडचा आधार दिला गेला आणि ऐसपैस दारे बंद करणारी द्रव्ये त्यात मिसळली गेली. तेव्हा ही दोन्ही कामे बहुतेक कारखान्यांतून गेली. १९८० च्या दशकात मेटॅलोसीन नावाचे उत्प्रेरक आले. त्यांच्या रेणूचा आकार बदलला की समबाजू किंवा आळीपाळीची, हवी ती रचना मिळू लागली.

सगळेच उत्प्रेरक मात्र इतके कडक मास्तर नसतात. १९८३ साली अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीच्या ओवेन वेब्स्टर आणि सहकाऱ्यांनी 'गट-स्थानांतर बहुवारिकीकरण' ही पद्धत जाहीर केली. ॲक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्याचे बहुवारिक या पद्धतीने करता येते. साखळीच्या टोकाशी सिलिकॉनचा एक गट असतो. नवा रेणू जोडला गेला की तो गट मशालीसारखा नव्या टोकाकडे जातो. इथे फ्लोराइडच्या जातीचा उत्प्रेरक घेतला तर तो सिलिकॉनला चेतवतो, जस्ताच्या क्षाराचा घेतला तर तो येणाऱ्या रेणूला चेतवतो. जस्ताच्या बाबतीत आळीपाळीची रचना थोडी वाढते, पण पूर्ण शिस्त येत नाही. या पद्धतीचा खरा गुण वेगळाच आहे: साखळ्या जवळजवळ सारख्या लांबीच्या होतात. म्हणजे उत्प्रेरक निवडताना आपल्याला नेमकी कोणती शिस्त हवी, हे आधी ठरवावे लागते.

काकांचे बोलणे संपले तेव्हा माझे उदाहरण तसेच अर्धवट पडले होते. त्यात कच्च्या मालाची रक्कम सर्वांत मोठी होती. उत्प्रेरकासारखा किरकोळ खर्च 'इतर साहित्य' या ओळीत गेला होता, आणि त्याच्याकडे मी पाहिलेही नव्हते. पण माल विकायचा की फेकायचा, हे ती किरकोळ ओळच ठरवत होती. ज्याला आम्ही 'सामान्य नुकसान' म्हणून शांतपणे लिहून टाकतो, ते कुणीतरी 'असे का?' म्हणून विचारेपर्यंतच सामान्य असते.

ते उदाहरण मी पूर्ण केले, उत्तरही बरोबर आले. पण नुकसानीच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. आणि आता ग्रंथालयात गेले की रसायनशास्त्राच्या कपाटापाशीही थोडी थांबते. इंग्रजी शब्द अजून अडतात, पण लेझीम माझ्या ओळखीची आहे.