समुद्राकडे पाठ केलेली घरं

गुहागरला पहिल्यांदा आलेला माणूस समुद्र शोधत फिरतो. गाव किनाऱ्यावरचं आणि पुळण सहा किलोमीटरच्या घरात, तरी मुख्य रस्त्यावरून चालताना पाणी दिसत नाही. रस्ता किनाऱ्याला समांतर धावतो, त्याच्या दोन्ही अंगांना घरं आहेत, आणि समुद्राच्या बाजूच्या जुन्या घरांची ओटी उघडते ती रस्त्याकडे. घरामागे न्हाणी आणि विहीर, त्यामागे माड-पोफळींचं आगर, आगराच्या टोकाला गडगा. गडग्यापलीकडे केवडा आणि सुरू, आणि मग कुठे वाळू. गावात समुद्राकडे तोंड करून बसलेला सर्वांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे उफराटा गणपती. मूर्ती आधी पूर्वाभिमुख होती, समुद्र गावात शिरू लागला तेव्हा भक्ताच्या धाव्याने देव पश्चिमेकडे वळला आणि पाणी मागे हटलं, अशी आख्यायिका आहे. थोडक्यात, समुद्राकडे बघत बसण्याचं काम गावाने देवावर सोपवलं आणि माणसं आगराच्या आडोशाला राहिली.

आज पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत कोकणातल्या ज्या जागांची जाहिरात येते, त्यांची भाषा नेमकी उलटी असते. सी-टच प्लॉट, सी-व्ह्यू बंगलो, गॅलरीतून सूर्यास्त. भाव पाण्याच्या जवळिकीवर ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्यांनी जी जमीन माडांसाठी सोडली, तीच आता सर्वांत महाग आहे. मला हा बाजारभाव उलटा वाटतो. किनाऱ्यावर घर घ्यावंच. पण रांगेतलं, रस्त्याकडे तोंड असलेलं घ्यावं. हे मत सौंदर्यदृष्टीचं नाही. वारा, पाणी, कायदा आणि शेजार या चारही गोष्टी त्याच बाजूने बोलतात.

आधी वारा. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. सर्वांत मोठा मार आगरांना बसला. पोफळीचं खोड उंच आणि सडपातळ. ती रांगेने मोडली. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि बाग भरात यायला त्याहून जास्त, म्हणजे काही तासांत एका पिढीची मिळकत गेली. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18,000 रुपयांवरून 50,000 केली. ऐकायला आकडा मोठा आहे. पण इथली आगरं हेक्टरात नसतात, गुंठ्यांत असतात. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला जेमतेम पाचशे रुपये. दहा गुंठ्यांच्या आगरवाल्याला पाच हजार मिळाले, तर पडलेली झाडं तोडून बाहेर काढण्याची मजुरीही त्यातून सुटत नाही.

यातून बाहेरच्या खरेदीदाराने घ्यायची गोष्ट अशी, की वादळाचा पहिला तडाखा आगर अंगावर घेतं. वारा तिथे मंदावतो, उडती वाळू अडते, खारा फवारा पानांवर राहतो. झाडं पाडून त्या जागी बंगला बांधला की ते सगळं बंगल्याच्या वाट्याला येतं, आणि मागच्या शेजाऱ्याच्याही.

वाळूही जागची हलते. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातल्या किनाररेषेचा अभ्यास केला, त्यात देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग धुपत असल्याचं दिसलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण पाव आहे. धूप थांबवायला दगडी बंधारा घातला की जमीन वाचते, पण लाटांचा जोर बंधाऱ्यापुढची वाळू ओढून नेतो. मग ज्या पुळणीसाठी एवढे पैसे मोजले तिथे ओहोटीलाच काय ते फिरता येतं.

आता कायदा. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सगळे ज्याला सीआरझेड म्हणतात त्याची, पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. ती 2011 मध्ये आणि पुन्हा 18 जानेवारी 2019 रोजी बदलली. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले 200 मीटर ना-विकास क्षेत्र. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त लोक असतील त्यांना, ही मर्यादा 50 मीटर केली. कोकणातली बहुतेक खेडी त्या घनतेच्या जवळपासही नाहीत, हे प्लॉट दाखवणारा एजंट सांगत नाही. तो ‘आता पन्नास मीटर झालंय’ एवढंच सांगतो. शिवाय नवी अधिसूचना जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर लागू होते. खाडीकाठच्या जागांची मोजणी वेगळी. म्हणून प्रश्न तोंडी विचारू नये. गट नंबर आराखड्याच्या नकाशावर कुठे पडतो, ते लेखी मागावं.

इथे जुन्या घराचा फायदा कळतो. ना-विकास क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, पण आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. अट अशी, की चटईक्षेत्र आणि जोतं वाढता कामा नये. जोतं जेवढं तेवढंच घर. पडवी पुढे ओढून वर गच्ची चढवली की अधिकृत घरही अनधिकृत होतं. विकत घेताना घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि ग्रामपंचायतीचा किंवा नगरपंचायतीचा असेसमेंट उतारा मागायचा तो यासाठी. पडक्या घराचं जोतं कागदावर जिवंत असेल, तर त्याची किंमत शेजारच्या मोकळ्या सी-टच प्लॉटहून जास्त असायला हवी. बाजारात ती कमी असते.

आणि मग सातबारा. कोकणात घर घेणाऱ्याची खरी दमछाक इथे होते, त्यामुळे जरा थांबून बोलू.

बारा गुंठ्यांच्या जमिनीवर पंचवीस-तीस नावं ही इथे नेहमीची गोष्ट. पणजोबा मुंबईला गिरणीत लागले, एक भाऊ गावी राहिला, वाटप कधी झालंच नाही. प्रत्येक मृत्यूनंतर वारस चढत गेले, काही चढलेच नाहीत. 1994 मध्ये महाराष्ट्राने आणि 2005 मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना जन्मतः हिस्सा दिला. सासरी गेलेल्या आत्यांना विचारल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही, आणि तसंच असायला हवं. गावात राहणारा काका म्हणतो, ‘कसतो मी, वहिवाट माझी.’ मुंबईतला पुतण्या म्हणतो, ‘नाव माझंही आहे.’ दोघांचंही खरं असतं. एजंट या पुतण्यालाच गाठतो, कारण त्याला पैसा हवा असतो आणि आगराशी त्याचा संबंध मे महिन्यापुरता उरलेला असतो.

एकट्याचा अविभक्त हिस्सा विकत घेता येतो, पण तो घेऊन काय मिळतं ते बघा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला त्या घरात संयुक्त ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावायचा. हिंदू वारसा कायद्याचं कलम 22 सहवारसांना आधी खरेदी करण्याचा हक्क देतं, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे स्वस्तात मिळालेल्या हिश्श्यासोबत एक दिवाणी दावाही आपण विकत घेतो.

दुसरी गाठ कूळकायद्याची. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 च्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘शेतकरी दाखला करून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावं, कारण कलम 84-क खाली असा व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनानंतर कुळांना मालकी मिळालेल्या जमिनींवर कलम 43 ची अट असते. 2014 च्या दुरुस्तीने ती सैल केली: खरेदीला दहा वर्षं उलटली असतील, तर शेतसाऱ्याच्या आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून विकता येते, पण घेणारा शेतकरीच लागतो. ‘इतर हक्क’ हा रकाना त्यासाठी वाचायचा. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, देवस्थानाचा उल्लेख, विहिरीतला हिस्सा आणि पाण्याची पाळी हे सगळं तिथे सापडतं. शहरी माणूस वरचं नाव आणि क्षेत्र बघतो, आणि फसवणूक बहुधा खालच्या ओळींत असते. सातबारा हा मुळात महसुलाचा दप्तरी कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, हेही वकील सांगेपर्यंत अनेकांना माहीत नसतं. जुने फेरफार काढा, हद्द कायम मोजणी करून घ्या, आणि रस्ता बघा. डोळ्यांना दिसणारी पाणंद कागदावर असेलच असं नाही. आज शेजाऱ्याच्या अंगणातून मोटार जाते ती त्याच्या मर्जीने. कुंपण घातल्यावर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पण तोवर शेजार संपलेला असतो.

तयार बंगल्यांची योजना असेल तर मार्ग थोडा सोपा. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवरच्या आणि आठहून जास्त घरांच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते, आणि ती कोणालाही ऑनलाइन बघता येते.

पाण्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मग पाण्याची काय चिंता, असं वाटतं. किनाऱ्याच्या वाळूखाली गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. भूजलशास्त्राचा ठोकताळा असा, की गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकतं. जुनी विहीर उथळ होती, रहाटाने जेवढं निघेल तेवढंच निघायचं, रात्रीत ती भरायची. आता मोटार आली, बोअर आली, शेजारी पोहण्याचा तलाव असलेलं रिसॉर्ट आलं. मे महिन्यात विहीर मचूळ लागली की पहिले माड सुकत नाहीत, ते सोसतात. पोफळी आधी पिवळी पडते. घर बघायला जाल तेव्हा मेमध्ये जा, विहिरीचं पाणी चाखा आणि पोफळीची पानं बघा. आणि शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे तेही बघा, कारण या गावांत भुयारी गटार नसतं.

बांधकामात खाऱ्या हवेची दखल मुंबईचे ठेकेदारही घेत नाहीत. सिमेंट काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकात (आयएस 456) किनारी हवेतल्या उघड्या काँक्रीटला किमान एम-30 प्रत आणि सळईवर 45 मिलिमीटर आच्छादन सांगितलं आहे. लाटांचा फवारा बसत असेल तर एम-35 आणि 50 मिलिमीटर. प्रत्यक्षात पंचवीस मिलिमीटर सुटलं तरी नशीब. काही वर्षांत सळई फुगते, छताचे पोपडे पडतात, आणि मालक समुद्राला दोष देतो. जुन्या घरांत जांभ्याची भिंत, फणसाचं किंवा ऐनाचं लाकूड आणि कौलं होती; गंजायला लोखंडच थोडं. ती घरं वाऱ्याला कच्ची होती, हे निसर्गने दाखवलं. पण कौलं पुन्हा घालता येतात. गंजलेली सळई काढता येत नाही.

राहण्याबद्दल एवढंच, की हे गाव सुट्टीचं ठिकाण नव्हे. जूनपासून चार महिने कपडे वाळत नाहीत, वीज जाते, वानरं कौलं सरकवतात, नारळ पाडायला माणूस मिळत नाही. मोठ्या दुखण्याला चिपळूण गाठायचं, साधारण पंचेचाळीस किलोमीटर; आणि 22 जुलै 2021 ला चिपळूणच पाण्याखाली होतं. उलट दाभोळ खाडीवरची धोपावे फेरी आणि जयगडकडची तवसाळ फेरी यांनी गुहागरला दोन्ही अंगांना जोडलंय. पूर्वी पलीकडच्या गावाला जायला लागणारा मोठा वळसा वाचतो.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. नव्या मालकाचं दार त्या दिवशी बंद असलं, तर गाव ते लक्षात ठेवतं. वर्गणी किती दिली यापेक्षा ओटीवर कोण उभं होतं याला इथे महत्त्व आहे. वर्षातून चार शनिवार-रविवार येणाऱ्या माणसाची विहीर उपसायला, गडगा सावरायला, वादळात पत्रा उडाला हे कळवायला शेजारीच लागतो, आणि शेजारी पगारावर मिळत नाही. रिकाम्या बंगल्यांनी भरलेला किनारा गावालाही नको आहे. त्या घरांतून ना शाळेत मूल जातं, ना रोज दुकानात कोणी येतं.

तेव्हा घर घ्यायचंच असेल, तर आधी एक वर्ष भाड्याने राहून बघा; निदान जुलै आणि मे हे दोन महिने तरी. त्या काळात वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल, मोजणीचा नकाशा आणि सीआरझेडचा लेखी अभिप्राय हातात घ्या, सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या होईपर्यंत विसार देऊ नका, आणि माड तोडायची अट घालणाऱ्या वास्तुविशारदाला नमस्कार करून परत पाठवा.