चिखलातली गाडी (भाग 6): विंच बसवली, आता दोर ताणून घ्या

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती 35 फुटांच्याही वर गेली, तेव्हा बडोद्यात चारचाकी गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. इथल्या जीपवाल्यांना विंचची गरज पटवण्यासाठी तेव्हापासून फार बोलावं लागत नाही. पण गाडीवर विंच असणं आणि ती वेळेला गाडी ओढणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते अंतर बसवण्याच्या दिवशीच ठरतं.

आधी ताकदीचं बघू. भरलेल्या गाडीचं वजन घ्या आणि त्याची दीडपट करा. सव्वादोन टनांच्या गाडीला साधारण 3,400 किलो ओढणारी विंच लागते. बाजारात सहज मिळणारी 9,500 पौंडी, म्हणजे सुमारे 4,300 किलोची विंच तिला पुरते. मात्र हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. दोराचे थर चढतात तसा ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ कमी होते. चौथ्या थरावर ती एक-तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त घटते. म्हणून शक्य तर लांबच्या झाडाला बांधून दोर जास्त सोडावा, किंवा झाड जवळच असेल तर पुली लावून तो गाडीकडे परत आणावा. पुलीने वेग निम्मा होतो, ओढ जवळजवळ दुप्पट.

विंचची पाटी बंपरच्या पत्र्यावर बसवायची नसते. ती थेट चासीला जखडली पाहिजे. मकरपुरा जीआयडीसीत जाड पत्रा कापून, वेल्ड करून देणाऱ्यांची कमतरता नाही, पण पाटीचं माप त्यांच्या अंदाजावर सोडू नका. विंचसोबत येणाऱ्या पुस्तिकेतल्या आकृतीप्रमाणे भोकं पाडून घ्या, बोल्ट तिथे लिहिलेल्या प्रतीचेच वापरा आणि टॉर्क पान्याने आवळा. पाटीने रेडिएटरची हवा अडवली तर मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात इंजिन तापेल, हेही आधीच बघा. विंचच्या निमित्ताने पुढे लोखंडी बुल-बार लावून घेण्याचा मोह टाळा. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. बंपरमागे दडणारी पाटी सर्वांत बरी.

वायरिंगमध्ये कंजुषी नको. पूर्ण भाराला विंच 400 अँपियरपर्यंत वीज खेचते. केबल बारीक किंवा अकारण लांब असली की व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि नियंत्रण पेटीतल्या रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात. मग रिमोटचं बटण सोडलं तरी दोर आत येतच राहतो. त्या क्षणी हाताशी एकच उपाय उरतो, तो म्हणजे बॅटरीजवळचा कट-ऑफ स्विच. तो नसेल तर विंच बसवण्याचं काम अर्धवट आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. ओढताना इंजिन चालू ठेवावं आणि मध्येमध्ये थांबून मोटरला निवू द्यावं.

आता शीर्षकातलं काम. नवा दोर ड्रमवर सैल गुंडाळलेला येतो. तसाच वापरला तर जोर पडताच वरचा वेढा खालच्या सैल थरांत घुसतो आणि पाचरीसारखा अडकतो. म्हणून क्लच सुटा करून दोर मोकळा सोडा. ड्रमवर लोखंडी दोराचे किमान 5, कृत्रिम धाग्याच्या दोराचे 8 ते 10 वेढे राहू द्या. दोराचं टोक पक्क्या आधाराला बांधा आणि क्लच पुन्हा गुंतवा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चालकाने ब्रेक अगदी हलका दाबावा आणि विंचने गाडी हळूहळू पुढे ओढावी. थोडा दोर आत आला की थांबून वेढे शेजारी-शेजारी बसले का, ते बघा. हात ड्रमपासून दूर ठेवा, हातमोजे घाला, ताणलेल्या दोरावर जाड कापड टाका. दोर ड्रमच्या खालून आत जातो की वरून, हे पुस्तिकेशी ताडून घ्या. बहुतेक विंचना तो खालूनच लागतो, आणि उलटा गुंडाळला गेला तर आतला ब्रेक भार धरत नाही. दोर जिथून बाहेर पडतो तिथे लोखंडी दोरासाठी रोलर, धाग्याच्या दोरासाठी गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचं तोंड. लोखंडी दोराने चरे पडलेल्या रोलरवर धाग्याचा दोर चालवू नका.

यानंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. मही नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, पहिल्यांदा गाडी ओढून आल्यावरही तेच करा. विंच पाण्यात बुडाली असेल तर नियंत्रण पेटी उघडून गाळ काढा आणि ती पूर्ण वाळवा. झाडाला दोर थेट गुंडाळू नका, रुंद पट्टा वापरा. साल कापली गेली तर झाड मरू शकतं.

ज्यांच्या गाडीवर विंच आहे, पण दोर दुकानातून आला तसाच आहे, त्यांनी पावसाळ्याआधीचा एक रविवार सोबत एक माणूस घेऊन या कामाला द्यावा. पुढच्या आठवड्यात पुली आणि शॅकल निवडण्याविषयी.