करवंद : कोरड्या बागेचे सदाहरित कुंपण

करवंद हे भरपूर पावसाच्या प्रदेशातील झुडूप असल्याने कमी पाण्याच्या बागेत त्याचा निभाव लागणार नाही, हा समज पावसाच्या केवळ वार्षिक बेरजेवर विसंबलेला आहे. कोकणात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस होत असला, तरी तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि जांभ्या खडकाच्या सड्यांवर मातीचा थर इतका पातळ असतो की उरलेला काळ तेथील वनस्पतींना अवर्षणातच काढावा लागतो. करवंदाची जडणघडण या कोरड्या महिन्यांनी केलेली आहे.

कण्हेर व सदाफुली यांच्या कुळातील या झुडपाची (शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरंडस) पाने चिवट आणि तकतकीत असतात. ही तकाकी उपत्वचेची, म्हणजे पानातील पाणी परस्पर उडून जाऊ न देणाऱ्या मेणचट आवरणाची असते. पाण्याचा तुटवडा पडला की पर्णरंध्रे, म्हणजे बाष्प बाहेर सोडणारी पानांवरील सूक्ष्म छिद्रे, मिटू लागतात. परंतु अन्ननिर्मितीसाठी लागणारा कार्बन डायऑक्साइडही त्यांतूनच आत येत असल्याने वाढ मंदावते, आणि झटपट कुंपण हवे असणाऱ्यांची इथेच निराशा होते.

त्याचा काटा निरखून पाहण्याजोगा आहे. फांदीच्या टोकाची कळी पुढे न वाढता तिचेच काट्यात रूपांतर होते, त्यामुळे वाढीचे काम खालच्या पानांच्या बगलेतील कळ्यांकडे जाते, फांदी पुन्हा पुन्हा दुभंगते आणि कात्री न लावताही जाळी दाट होत जाते. गुरे या जाळीत सहसा शिरत नाहीत. शेळीची हमी मात्र कोणी देऊ नये.

दुष्काळ सोसण्याची ही ताकद रोपाला पिशवीतून उतरल्या दिवसापासून नसते, कारण ती मुळांच्या विस्तारावर अवलंबून असते. पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी वेटोळी होतात; ती छाटून वा मोकळी करून पावसाच्या सुरुवातीस लागवड करावी, आणि पहिला उन्हाळा तरी अधूनमधून भरपूर पाणी द्यावे, जेणेकरून मुळे ओलीच्या मागे खोल जातील. पुढे रोज पाणी घालणे हा लाड ठरतो. मुरमाड, हलकी जमीन करवंदाला चालते, पण मुळाशी साचलेले पाणी चालत नाही.

कुंपणासाठी दोन रोपांत साधारण दोन फूट अंतर पुरते, फळांसाठी ते बरेच अधिक लागते. चमेलीसारखी सुगंधी फुले फांद्यांच्या शेंड्यांकडे येत असल्याने दरमहा छाटून चौकोनी केलेले कुंपण हिरवे राहते, पण फळत नाही. छाटणी फळे संपल्यावर करणेच शहाणपणाचे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हे मोठ्या फळांचे वाण दिले आहे, तथापि निव्वळ कुंपणासाठी रानातले करवंदही पुरेसे आहे. बियांची उगवणक्षमता लवकर घटत असल्याने पिकल्या फळांचे बी धुऊन, सावलीत सुकवून काही दिवसांतच पेरावे. पुढच्या वर्षासाठी डबीत जपून ठेवलेले बी सहसा उगवत नाही.