जाऊन परत येणारी मोटार

उल्हासनगरहून बदलापूरला लोकलने जायला साधारण पाव तास लागतो. मध्ये अंबरनाथ लागते. अंतर सुमारे 10 किलोमीटर. हेच अंतर एखाद्या मोटारीने एका मिनिटाच्या आत कापले तर? ऐकून खोटे वाटेल. पण एवढ्या वेगाची मोटार 1947 साली खरोखर धावली. जॉन कॉब नावाचे इंग्रज गृहस्थ ती चालवत होते. तिला विमानासारखे जेट नव्हते. आपल्या रिक्षात असते तसे दट्ट्याचेच इंजिन होते, फक्त फार मोठे. ती कशी धावली, ते आपण पाहू.

आधी इंजिन समजून घेऊ. सायकलचा पंप सर्वांनी पाहिला आहे. नळीत दट्ट्या असतो. आपण तो दाबला की हवा दाबली जाते. इंजिनातही अशीच एक जाड नळी असते. तिला सिलिंडर म्हणतात. तिच्यात हवा आणि पेट्रोलची वाफ येते. दट्ट्या ती दाबतो. मग ठिणगी पडते, भडका होतो आणि तो भडका दट्ट्याला जोराने ढकलतो. शेवटी धूर बाहेर जातो. पुन्हा पहिल्यापासून तेच.

पण दट्ट्या तर वरखाली होतो. चाक गोल कसे फिरते? पायाने चालवायचे शिलाई मशीन आठवा. पायाखालची पट्टी वरखाली होते, दांडा हलतो आणि चाक फिरते. इंजिनातही तसाच दांडा असतो. रिक्षाला बहुधा एकच सिलिंडर असतो. कॉब यांच्या मोटारीला दोन इंजिने होती, प्रत्येकाला बारा सिलिंडर. म्हणजे एकूण 24!

मग मोठे इंजिन बसवले की झाले का काम? नाही. तीन अडचणी येतात.

पहिली अडचण हवेची. समोरून वारा असताना छत्री धरून सायकल चालवून पाहा. हवा आपल्याला मागे ढकलते. वेग दुप्पट केला, तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि इंजिनाची ताकद आठपट लागते. म्हणून या मोटारी माशासारख्या निमुळत्या करतात.

दुसरी अडचण टायरची. चाकाचा घेर साडेतीन मीटर धरला, तर एवढ्या वेगात ते एका सेकंदात पन्नास वेळा फिरते. टायरचा रबर बाहेर फेकला जाऊ पाहतो. टायर फुटला की सारे संपले.

तिसरी अडचण जागेची. वेग घ्यायला काही किलोमीटर लागतात आणि थांबायलाही तितकेच लागतात. कल्याण ते बदलापूर ही 14 किलोमीटरची सगळी वाट सरळ, सपाट आणि मोकळी असती, तर कुठे जमले असते! नेवाळीला महायुद्धात विमानांसाठी धावपट्टी केली होती, तीही अपुरी पडली असती. म्हणून ही माणसे अमेरिकेत बॉनव्हिल येथे जातात. तिथे मोठे सरोवर आटून मिठाचे पांढरे मैदान झाले आहे.

आता वेग मोजायचा कसा? इथे एक नियम फार महत्त्वाचा आहे. मोटारीने ठरलेले अंतर एका बाजूने जायचे आणि एका तासाच्या आत उलट बाजूने परत यायचे. दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरतात. असं का? वारा पाठीशी असला तर वेग फुकट वाढतो. परत येताना तोच वारा तोंडावर येतो. मग खरा हिशेब कळतो. कॉब यांची एक फेरी ताशी सुमारे 620 किलोमीटरची झाली, दुसरी 648 ची. विक्रम लिहिला गेला तो 634 चा.

मिकी थॉम्पसन या अमेरिकन माणसाने 1960 साली कॉब यांच्याहून जास्त, ताशी 654 किलोमीटर वेग गाठला. पण परतीच्या फेरीत गाडी बिघडली. विक्रम मिळाला नाही. 1965 साली समर्स नावाच्या दोन भावांनी चार इंजिनांची गाडी बांधली. तिने जाऊन-येऊन ताशी 658 ची सरासरी गाठली आणि विक्रम त्यांचा झाला.

थॉम्पसन यांनी 1968 साली दुसरी गाडी बांधली होती. 1988 साली ते वारले. पुढे त्यांचा मुलगा डॅनी याने ती गाडी पुन्हा सज्ज केली आणि 2018 साली ताशी 722 किलोमीटरचा विक्रम केला. त्या स्पर्धेत परतीऐवजी दुसऱ्या दिवशीची फेरी धरतात. पण नुसत्या एका फेरीवर विक्रम तिथेही देत नाहीत.

जेटच्या गाड्या यांच्याही पुढे गेल्या. 1997 साली तसली एक मोटार आवाजाच्या वेगाहूनही जोरात धावली. पण तिची चाके इंजिन फिरवत नव्हते. ती जेटच्या झोताने ढकलली जात होती.

या वेगाची किंमतही माणसांनी मोजली आहे. पॅरी टॉमस हे हुशार इंजिनिअर 1927 साली वेल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर विक्रम करताना अपघातात गेले. तिथे मोकळा किनारा होता, तयारी होती, तरीही असे घडले.

मग आपल्या कल्याण-बदलापूर रस्त्याचे काय? तिथे हातगाड्या आहेत, शाळेची मुले आहेत, खड्डे आहेत. एक हिशेब ध्यानात ठेवा. गाडीचा वेग 40 वरून 80 केला, तर ब्रेक लावल्यावर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते. समोर मूल आले, तर तेवढे अंतर कुठून आणायचे?

वेगाच्या मैदानातसुद्धा नुसते जाणे धरत नाहीत. मग आपण तरी का धरावे? सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी परत आला, म्हणजे त्याची फेरी पुरी झाली.