तुरीचा बेवड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्णेकर व दुसऱ्या काठावरून सावरगावकर एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. दरवर्षी कित्येक जण जखमी होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, आणि आपल्या इंदुरातल्या पुष्कळ मंडळींना पांढुर्णा ठाऊक असतो तो एवढ्यापुरताच. फार तर संत्र्यांचे गाव म्हणून. परंतु त्याच दिवशी नदीकाठ सोडून एखाद्या शेताच्या बांधावर गेले, तर तेथे जमिनीखाली फार मोठा व्यवहार मुकाट्याने चाललेला असतो. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

पांढुर्णा आणि सौंसर म्हणजे सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा मराठी मुलूख. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्याच्याबरोबर हे तालुके, मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोहोंचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य कोणतेही असो, घरातली बोली नागपुरी वळणाची राहिली आणि शेतातली पिकेही त्याच वळणाची: कपाशी, तूर, संत्री, आणि गेल्या काही दशकांत सोयाबीन.

कपाशीच्या काही तासांनंतर एक तास तुरीचा पेरावा, ही या काळ्या मातीतली जुनी चाल. त्यामागचा अनुभव सांगण्यास मराठी शेतकऱ्याजवळ एक नेमका शब्द आहे: बेवड. आधीचे पीक जमिनीला जो गुण किंवा अवगुण लावून जाते, तो त्याचा बेवड. तुरीचा, हरभऱ्याचा बेवड चांगला. ज्वारीचा तितकासा नाही. हा निवाडा ज्यांनी केला त्यांनी जिवाणू पाहिले नव्हते. त्यांनी पुढल्या हंगामातले पीक पाहिले होते.

हे का घडते, याचा उलगडा १८८६ साली झाला. हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने बर्लिनच्या परिषदेत दाखवून दिले, की शेंगा धरणाऱ्या पिकांच्या मुळांवरच्या बारीक गाठी हा रोग नव्हे. त्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. १८८८ साली हॉलंडमधील बायरिंक याने ते जीव वेगळे काढून वाढवले. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो. पण झाडाला तो जसाच्या तसा घेता येत नाही. कारखान्यात तोच नत्र बांधावयाचा तर शेकडो अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. तुरीच्या मुळाशी हे काम पावसाळ्यातल्या साध्या मातीत होते. मोबदल्यात झाड त्या जिवाणूंना आपल्या पानांनी तयार केलेली साखर पुरवते. शेजारधर्माचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पोळ्याच्या सुमारास हे डोळ्यांनी पाहता येते. सोयाबीनचे रोप ओढून उपटू नये. गाठी मातीत तुटून राहतात. खुरप्याने मातीसकट काढावे, मुळे पाण्यात हलकेच धुवावीत आणि एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी लाली दिसली तर काम चालू आहे असे समजावे. आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याचाच तो एक भाऊबंद. गाठ आतून हिरवट वा करडी असेल तर ती थकलेली.

आपल्या देशात या गाठींच्या जिवाणूंवरचा पहिला महत्त्वाचा अभ्यास १९२० साली एन. व्ही. जोशी यांनी प्रसिद्ध केला. पुढे जिवाणूंची पाकिटे निघाली, आणि आज ती कृषी केंद्रांत सहज मिळतात. मात्र प्रत्येक पिकाचे सोयरे ठरलेले. तूर, मूग, उडीद, भुईमूग यांचे एक गोत, हरभऱ्याचे वेगळे, सोयाबीनचे आणखी वेगळे. संत्र्याच्या झाडाला तर अशा गाठी येतच नाहीत. त्याला उपयोगी पडतात ते चुनखडीच्या जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करणारे जिवाणू, आणि मुळांना बिलगून राहणारी एक उपकारक बुरशी.

पाकीट ही खताची गोणी नव्हे, त्यात जीव आहेत, एवढे ध्यानात ठेवले तर निम्मे काम झाले. १० किलो बियाण्याला सुमारे २५० ग्रॅम जिवाणू, गार झालेल्या गुळाच्या पाण्यात कालवून, हलक्या हाताने चोळावेत. बियाणे सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असेल तर ते आधी. जिवाणू सर्वांत शेवटी. पाकीट उन्हात ठेवले, मुदत टळून गेली, की हाती उरते ती नुसती काळी भुकटी. शिवाय वरून युरिया भरपूर पडला, तर झाड गाठींकडे पाठ फिरवते. आयते ताट मिळाल्यावर शेजाऱ्याची आठवण कोणाला राहते?

पण पाकिटापेक्षाही मोठी गोष्ट निराळीच आहे, आणि तिचा धागा आपल्या इंदूरशी जुळतो. होळकर दरबारच्या आश्रयाने येथे उभ्या राहिलेल्या वनस्पती-संशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड यांनी काम केले. यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९३१ साली जे पुस्तक लिहिले, त्यातून इंदूरची कंपोस्ट पद्धत जगभर गेली. पऱ्हाट्या आणि तुराट्या कठीण, सहसा न कुजणाऱ्या. म्हणून त्या संस्थेच्या रस्त्यांवर पसरीत, गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होई, आणि मग शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती व राख यांच्या थरांत त्यांचे खत बने. पुढे पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी हाच विचार विटांच्या जाळीदार टाक्यात बसवला; त्यांच्याच आद्याक्षरांवरून त्याला ‘नाडेप’ म्हणतात.

जिवाणूंना राहावयास घर आणि खावयास अन्न लागते, हा या सगळ्याचा अर्थ. बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नयेत हे खरेच. परंतु त्या बांधावर पेटवून दिल्या, सोयाबीनचे कुटार गाडीत भरून विकले, तर दाण्याबरोबर नत्रही गावाबाहेर जातो. बेवड येतो तो पिकाच्या नावाने नव्हे. जमिनीत राहिलेल्या मुळांनी आणि गळून पडलेल्या पानांनी येतो. शेतातले सर्वच उचलून नेले, तर तुरीच्या तासालाही जमिनीसाठी फारसे काही ठेवून जाता येत नाही.

पोळ्याला आपण बैलाची खांदेमळणी करतो, त्याला पुरणपोळी भरवतो. बैल आता गोठ्यांतून कमी होत चालले. त्यांच्याबरोबर शेणही कमी झाले. म्हणून यंदा पोळ्याला कोणी पांढुर्ण्या-सौंसरकडे आप्तांकडे गेले, तर घरच्या मुलांना घेऊन एकदा शेतात जावे, एक रोप खुरप्याने काढावे, आणि ती गुलाबी गाठ त्यांना दाखवावी. बैलासारखेच आपल्यासाठी राबणारे हेही एक गणगोत आहे. त्याला पुरणपोळी नको, पालापाचोळा पुरे.