दूरच्या शाळा आणि एकत्र काम

मुळशी तालुक्यात डोंगर, धरणाचा जलाशय व मुसळधार पाऊस यांमुळे शेजारच्या शाळाही एकमेकींस दुरावतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरविले आहेत. त्यांपैकी एक बैठकीस गेला की, सारे वर्ग दुसऱ्यावर पडतात. बैठकीची किंमत मुले मोजतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

सुमारे दहा शाळांचे केंद्र व त्यावर केंद्रप्रमुख ही व्यवस्था महाराष्ट्रात १९९४ पासून आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून दाखविण्यात वेळ दवडू नये. ती मोबाइलवर धाडता येतात. मात्र संदेश पोहोचला म्हणजे काम झाले असे नव्हे, हे २०२० च्या शाळाबंदीत सर्वांना उमगले. प्रत्यक्ष भेट अडचणींसाठी राखावी. हातच्याची वजाबाकी मुलांना का जमत नाही, हे मुलांच्या वह्या समोर ठेवून पाहावे. एका शिक्षकाने पाठ घ्यावा, इतरांनी त्याची चर्चा करावी.

पुढील महिन्याचे काम वाटून घ्यावे. एकाने वाचनपट्ट्या कराव्यात, दुसऱ्याने उदाहरणे काढावीत व ती सर्व शाळांनी वापरावीत. न आलेल्यास त्याच दिवशी टिपण पाठवावे. तीच माहिती पुन्हा मागू नये.

दूरच्या शिक्षकास पहाऱ्याहून सोबतीची गरज अधिक असते. ती मिळाल्यास त्याचा वेळ फळ्यापाशी जातो.