पदर सावरायला शिकवणारा नट

१९११ साली ‘मानापमान’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आलं. त्यातली भामिनी पदर कसा घेते, नऊवारीचा काठ कुठे सोडते, अंबाड्यावर गजरा कसा माळते, हे प्रेक्षागृहातल्या बायका डोळ्यांत तेल घालून पाहत आणि घरी जाऊन तसंच करून बघत. ही भामिनी म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, ऊर्फ बालगंधर्व. वय २२, घरी बायको, मूलबाळ. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहानगी मुलगी गेली, तरी प्रयोग झाला. म्हणजे शोकात बुडालेला एक बाप त्या रात्री नायिका म्हणून उभा राहिला, आणि महाराष्ट्रातल्या बायका त्याच्याकडून बाईपण शिकल्या.

मी पुण्यात समाजशास्त्र शिकते. बाईपण किंवा पुरुषपण जन्मजात अंगात नसतं, रोज तेच ते करत राहिल्यानं ते घडतं, हा विचार आमच्या वर्गात ज्युडिथ बटलर यांच्या नावानं येतो. त्यांचं गाजलेलं पुस्तक १९९० चं. ते वाचताना जंगली महाराज रस्त्यावरचा आपला बसस्टॉप आठवला आणि हसू आलं. रोज ‘बालगंधर्व’ला उतरणाऱ्या पुणेकराला हे कुणी सांगायची गरज होती का? तिथल्या रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. दोन्ही एकाच माणसाची आहेत हे स्वतःला बजावून सांगावं लागतं.

हे त्यांना जमत कसं असेल? पैसा हे एक उत्तर. खरे शालू, खरे पैठणीचे काठ, भारी अत्तरं; या हौसेपायी त्यांची नाटक कंपनी कर्जात गेली. आवाज हे दुसरं. भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू, तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. अशी साथ असल्यावर गाणं बाईचं की पुरुषाचं, हा प्रश्नच मागे पडत असणार. पण जुने फोटो नीट पाहिले की तिसरी गोष्ट दिसते, आणि मला तीच खरी वाटते. मान किंचित कललेली, नजर खाली पण पूर्ण खाली नाही, दोन बोटं पदराच्या काठाशी. बाई खोलीत एकटी असताना अशी बसत नाही. कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे ठाऊक असलेली बाई अशी बसते. बालगंधर्वांनी हेरली ती ही बाई. मग माझ्या मोबाइलमधले साडी डेचे फोटो उघडून पाहिले. तशीच कललेली मान, तशीच बोटं. मला हे आईनं शिकवलं नाही, आजीनंही नाही. कुठून कुठून वाहत आलं, कोण जाणे.

पण ही ‘बाई’ म्हणजे नेमकी कोणती बाई? संगीत नाटकात बायका सहसा नव्हत्या, कारण ‘घरंदाज’ बाईनं तोंडाला रंग लावायचा नसतो असं मानलं जाई. त्याच काळात तमाशाच्या बोर्डावर पवळाबाई हिवरगावकर पठ्ठे बापूरावांच्या लावण्या गाजवत होत्या. म्हणजे रंगमंचावर बायका होत्याच, फक्त त्या दलित, कोल्हाटी अशा समाजांतल्या होत्या, आणि त्यांचं वळण घरी जाऊन गिरवावं असं पांढरपेशा बायकांना कुणी सुचवलं नसतं. ओचा खोचून भात लावणारी बाईही नऊवारीतच होती. तिचा फोटो कुणी दिवाणखान्यात लावला नाही. पुरुषानं उभी केलेली वरच्या जातीची, सधन घरातली नायिका हीच ‘स्त्री’ म्हणून सगळ्यांपुढे आली. सौंदर्याचा हा साचा किती अरुंद होता, हे कौतुकाच्या भरात राहून जातं.

सिनेमानंही आधी तीच वाट धरली. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती (१९१३) म्हणजे अण्णा साळुंके, मूळचे खाणावळीतले आचारी. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोन्ही तेच! मात्र १९१३ मध्येच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. याच कमलाबाई गोखल्यांनी पुढे नाटकांत पुरुषांची कामंही केली, हे फारसं कुणी सांगत नाही.

आता आमच्या कॉलेजचं गॅदरिंग घ्या. मुलगा साडी नेसून आला की सभागृह खदखदतं. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांतही तेच. मला वाटतं, फरक साडीत नाही. तिथे साडी मुद्दाम अशी नेसवतात की आतला पुरुष सतत दिसत राहावा. हशा त्या फटीवर पिकतो. बालगंधर्व ती फटच बुजवत. शंभर वर्षांपूर्वीचा प्रेक्षक आपल्याहून कर्मठ खरा, पण साडीतल्या पुरुषाकडे टक लावून पाहताना त्याला लाज वाटत नव्हती, आणि आपल्याला हसल्याशिवाय सोसत नाही. हे कोडं मला सुटलेलं नाही. (भूमिका आणि ओळख यांची गल्लत मात्र नको. साडी नेसून रंगमंचावर जाणारा नट वेगळा आणि आपण बाई आहोत हे आतून जाणणारी तृतीयपंथी व्यक्ती वेगळी. आपलं लिंग आपण ठरवण्याचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये मान्य केला, तो काही वेशभूषेचा हक्क नव्हे.)

रंगभूमीवर १९३० च्या आसपास वारं फिरलं. १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढली आणि कुटुंबातल्या बायकांसह त्या रंगमंचावर आल्या. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक होत्या. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांचं काम केलं. ज्या प्रेक्षकांनी त्यांना भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून डोक्यावर घेतलं, त्यांना हा पुरुषवेशातला नारायणराव काही भावला नाही. अनेकांना तो जणू सोंग वाटला असावा.

त्यानंतर त्यांच्या कंपनीत गोहरबाई कर्नाटकी आल्या, गायिका अमीरबाईंची बहीण. नायिकेची कामं त्यांच्याकडे गेली आणि बालगंधर्व पुरुषपात्रं करू लागले. गोहरबाईंची ख्याती काय होती? हुबेहूब बालगंधर्वांसारखं गाण्याची.